चकच्या शर्टावरून झालेलं भांडण

प्रश्न : ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेचा पाचवा सीझन आत्ताच संपवला. शेवटी चक शर्ली कादंबरी पूर्ण करतो, गालात हसतो आणि विरूनच जातो. हा धांदरट लेखक म्हणजे देव? मग नायक डीनच्या गळ्यातला ताईत कसा तापला नाही?

उत्तर : या ताइतावरून मी बहिणीशी सहा वर्षं भांडले आहे. देव जवळपास असला की तो तापतो, म्हणून तर देवाच्या शोधात निघालेला देवदूत कॅस्टिएल तो डीनकडून मागून नेतो. पण चौथ्या सीझनमध्ये डीन पहिल्यांदा चकच्या दारात उभा राहिला, तेव्हा ताईत त्याच्या गळ्यातच होता की! साधी धगही नाही. चक देव नाही, हे माझं म्हणणं इथे पक्कं व्हायचं. बहीण म्हणायची, “अगं, शर्ट बघ. एरवी बाथरोबमध्ये पारोसा बसणारा माणूस शेवटी पांढऱ्याशुभ्र शर्टात!” मी म्हणायचे, प्रेषित आहे, देवाचं म्हणणं लिहून काढणारा नुसता माणूस; काम संपलं, आंघोळ केली असेल.

(पुढचे सीझन कोरे पाहायचे असतील तर इथेच थांबा.)

मालिकेचा कर्ता एरिक क्रिपकीने गोष्ट पाच सीझनचीच बेतली होती. चक विरला मे २०१० मध्ये आणि उत्तर पडद्यावर आलं मे २०१६ मध्ये, अकराव्या सीझनच्या विसाव्या भागात. कॅस्टिएलने परत केल्यावर डीनने मोटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेला तोच ताईत डीनचा भाऊ सॅमच्या खिशात झळाळतो आणि समोर उभा असतो चक. हरले मी. तरी चौथ्या सीझनमधल्या त्या थंड ताइताचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही.

प्रश्न : देवदूत अंगात शिरण्याआधी परवानगी का मागतात? डीमन, म्हणजे दुष्टात्मे, तर मागत नाहीत.

उत्तर : मालिकेचा नियमच तसा आहे. डीमन काळा धूर होऊन तोंडातून आत घुसतो. देवदूताला मात्र होकार लागतो. लूसिफर मुळात देवदूतच, म्हणून त्यालाही निक नावाच्या साध्या माणसाकडे त्याच्या मेलेल्या बायकोच्या रूपात जाऊन हो म्हणवून घ्यावं लागलं. तेव्हा परवानगी मागतात म्हणून त्यांना सभ्य समजू नका. चौथ्या सीझनचा विसावा भाग पुन्हा पाहा. ज्याचं शरीर कॅस्टिएल एरवी वापरतो तो जिमी नोव्हाक गोळी लागून जमिनीवर पडलाय आणि कॅस्टिएल त्याच्या लहान मुलीच्या अंगात आहे. जिमी विनवतो, तिला सोड, मला घे. यालाही होकारच धरतात.