पगारदार माणसाला जुनी कॉर्व्हेट परवडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहता, नोकरी आयटीतली, घरात दोन मुलं. या हौसेसाठी १८ हजार डॉलर बाजूला काढलेत. क्रोम बंपरची एक १९७१ची कॉर्व्हेट (शेव्हरोलेची दोन सीटची स्पोर्ट्स कार) ३२ हजाराला दिसली आहे, उरलेल्या रकमेचं कर्ज मिळतंय, आणि किमती चढतच चालल्यात म्हणून आत्ता घेतली नाही तर पुढे जमणारच नाही असं वाटतंय.

कॉर्व्हेट जरूर घ्या. ती ७१ची मात्र कर्ज काढून घेऊ नका.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. २०१५पासून माझ्याकडे १९७७ची कॉर्व्हेट आहे, गर्द तपकिरी रंगाची, साडेअकरा हजाराला घेतलेली. घेतल्यापासूनच्या प्रत्येक खर्चाची वही ठेवली आहे, म्हणून अंदाजाने बोलत नाही.

आधी किमतींचं बघू. बातम्यांत येतात त्या गाड्या वेगळ्या आणि तुम्हा-आम्हाला मिळतात त्या वेगळ्या. एल-८८ नावाच्या शर्यतीच्या इंजिनाच्या १९६७च्या कॉर्व्हेट फक्त २० बनल्या. त्यातली एक जानेवारी २०१४मध्ये स्कॉट्सडेलच्या लिलावात ३८.५ लाख डॉलरला गेली. १९६३च्या कूपेला, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीला, मागच्या काचेच्या मधोमध एक पट्टी होती. ती एकच वर्ष राहिली, तशा गाड्या १०,५९४ निघाल्या. नवी होती तेव्हा तिची किंमत सव्वाचार हजार डॉलर होती, आज चांगल्या स्थितीतली लाखाच्या पुढे जाते. या गाड्यांचा नाद आपण सोडलेलाच बरा.

१९६८ ते ८२ हा सगळा एकाच अंगाचा काळ, इथे त्याला सी-थ्री, म्हणजे कॉर्व्हेटची तिसरी पिढी, म्हणतात. त्यातल्या ६८ ते ७२च्या गाड्यांना पुढे-मागे क्रोमचे बंपर. ७३ला पुढचा बंपर मऊ झाला, ७४ला मागचाही. सरकारचे टकरीचे नियम बदलले होते. त्या क्रोमच्या दोन पट्ट्यांचे आज दहा-पंधरा हजार डॉलर जास्त पडतात. दुसरं कारण ताकदीचं सांगतात: ६९च्या साध्या इंजिनाचे कागदावर ३०० अश्वशक्ती, माझ्या ७७चे १८०. पण यातला मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. १९७१पर्यंत इंजिन सुटं, सायलेन्सर-अल्टरनेटर न लावता मोजायचे. ७२पासून गाडीत बसतं तसं मोजू लागले. शिवाय ७१ला इंजिनातला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, उतरवलं आणि ७५ला धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर आला, त्यामुळे ताकद खरोखर कमीही झाली, हे मान्य. पण कागदावर दिसतो तेवढा फरक रस्त्यावर नाही.

माझ्या ७७सारखी गाडी, चालती आणि नीट ठेवलेली, आज पंधरा ते वीस हजारांत मिळते. २०१५पासून महागाईच तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त वाढली आहे. म्हणजे माझ्या साडेअकरा हजारांचे आजचे साडेपंधरा हजार झाले, आणि गाडीही जवळपास तिथेच आहे. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही घाई या गटातल्या गाड्यांना लागूच पडत नाही. एकट्या १९७७ साली अशा ४९,२१३ गाड्या बनल्या. पुढच्या वर्षीही मिळतील, त्याच्या पुढच्या वर्षीही मिळतील.

आता त्या ३२ हजारांच्या गाडीबद्दल. इथे मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगावीच लागेल, कारण मी जे शिकलो ते त्यांच्याकडून. अण्णा साताऱ्याच्या एस.टी. डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. २०१५च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी गाडी शोधत होतो. टोलेडोच्या पुढे एका गावात १९६९ची बघायला गेलो. लाल रंग, क्रोम बंपर, चोवीस हजार. मी दार उघडून आत बसलो आणि मनातल्या मनात पैसेही देऊन टाकले.

अण्णांनी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. मालकाकडून एक पाना आणि एक पुठ्ठा मागून घेतला, पुठ्ठा खाली अंथरला, त्यावर आडवे झाले आणि चासीवर पाना ठोकत ठोकत पुढून मागे सरकत गेले. ठण्, ठण्, ठण्. मागच्या चाकाच्या जरा अलीकडे, जिथे चासी वर वळते तिथे, आवाज एकदम बसला. भद्. त्यांनी परत ठोकलं, मग मला खाली बोलावलं आणि माझं बोट धरून तिथे दाबलं. वर काळ्या रंगाचा जाड थर होता आणि बोट दाबलं तसं आत जात होतं. “हितं पत्रा न्हाई, नुसती लांबी भरलीया,” अण्णा म्हणाले. “असली गाडी आमी रूटवर सोडली नसती.” मालकाचा चेहरा उतरला. त्यानेही ती तशीच रंगवलेली कोणाकडून तरी घेतली होती.

कॉर्व्हेटची मेख इथेच आहे. १९५३पासून तिचं अंग फायबरचं, त्याला गंज चढत नाही. पन्नास वर्षांनीही बाहेरून ती चकचकीत राहते. पण खालची चासी लोखंडी, आणि फायबरच्या आत विंडशील्डच्या नि दारांच्या भोवतीचा सांगाडाही लोखंडी. त्याला इथले लोक पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी आत जातं आणि पिंजरा आतून खात राहतं. लोखंडी अंगाच्या गाडीला फोड येतात, भोकं पडतात, ती स्वतःच सांगते. कॉर्व्हेट सांगत नाही. विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यातून पिंजरा गेला किंवा चासी गेली, तर बॉडी उचलावी लागते आणि पंधरा-वीस हजार सहज उडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं होतं.

इंजिनाची काळजी त्यामानाने किती तरी कमी. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक नावाचं हे व्ही-८ इंजिन १९५५पासून बनतंय, २०११ साली त्याची संख्या दहा कोटींवर गेली. त्याचा प्रत्येक नट आजही मिळतो, स्वस्तात मिळतो, आणि ते बांधून देणारा माणूस प्रत्येक गावात आहे. एखादी जुनी इटालियन गाडी घेतलेल्याला विचारा, साध्या वॉटर पंपासाठी किती महिने थांबावं लागतं ते. अमेरिकन जुनी गाडी पगारदाराला परवडते ती याच कारणाने.

मी शेवटी ७७ची घेतली ती एका निवृत्त कारखाना कामगाराकडून. रंग दोन ठिकाणी उडालेला, सीटची शिवण सुटलेली, हेडलाइटचा एक डोळा अर्धाच उघडायचा (हे दिवे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर वर येतात, रबरी नळी चिरली की असं होतं; काही डॉलरचं काम). पण अण्णांचा पाना पुढून मागेपर्यंत ठण् वाजत गेला. शिवाय मालकाने १९८४पासूनच्या पावत्यांची एक फाइल दिली, वर्षवार लावलेली. ती फाइल मला रंगापेक्षा मोलाची वाटली.

आता वही. दहा वर्षांत गाडीच्या किमतीशिवाय १६,७०० डॉलर गेले. विमा तीन हजार. टायर दोन वेळा, सोळाशे. टायर झिजत नाहीत, वयाने कडक होतात. बाजूवरच्या आकड्यांतले शेवटचे चार आठवडा आणि वर्ष सांगतात, गाडी बघताना ते वाचा. ब्रेकचे कॅलिपर आणि नळ्या अकराशे. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पण गाडी उभी राहिली की कॅलिपरच्या आत गंज धरतो आणि पेडल पोकळ लागतं. स्टेनलेसचा आतला नळा बसवलेले कॅलिपर घ्यायचे, मग आतल्या गंजाचा त्रास राहत नाही. मागच्या चाकांचे बेअरिंग आणि आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे) चोवीसशे. गिअरबॉक्स एकोणीसशे. कूलिंग, कार्पेट, दारांचे रबर, कार्बोरेटर मिळून बावीसशे. पेट्रोल-ऑइल अडीच हजार. राहिले दोन हजार, ते पाण्यात गेले: एका वर्कशॉपने मागच्या आर्मचं काम इतकं वाईट केलं की दुसऱ्याकडून सगळं पुन्हा करून घ्यावं लागलं, वरचे चोवीसशे त्या दुसऱ्याचे. तेव्हापासून मी काम देण्याआधी त्या माणसाने केलेली दुसरी कॉर्व्हेट बघायला मागतो.

महिन्याला सरासरी १४० डॉलर झाले. पण सरासरीवर जाऊ नका, कारण पहिल्या दोन वर्षांतच सात हजार गेले होते. म्हणून तुमच्या १८ हजारांतले १३-१४ हजारच गाडीला लावा (नीट ठेवलेली त्यात बसणार नाही, माझ्यासारखी रंग उडालेली पण चासी शाबूत असलेली शोधा), बाकीचे हात न लावता ठेवा. ३२ हजारांच्या गाडीला कर्ज काढलंत, तर पहिल्या वर्षी ब्रेक आणि टायर करायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहून हप्ते चालू राहतील. बारा-पंधरा वर्षांचं कर्ज देणारे इथे आहेत. इतक्या मुदतीत व्याजच मूळ कर्जाच्या जवळपास जाऊ शकतं.

किंमत वाढेल म्हणून घेऊ नका हेही सांगतो. नफा झाला तर अशा संग्राह्य वस्तूंवर अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत केंद्राचा कर लागतो, आणि स्वतः वापरलेल्या गाडीत तोटा झाला तर तो कुठेही वजा करता येत नाही. त्यात ज्या पिढीने तरुणपणी या गाड्यांची स्वप्नं पाहिली ती आता सत्तरीत आहे. आजचे पन्नाशीतले लोक नव्वदीच्या दशकातल्या जपानी गाड्या शोधतात. मला तरी यात वाईट काही दिसत नाही, आपल्यासारख्यांना गाड्या आवाक्यात राहतील.

विमा नेहमीच्या कंपनीकडून साधा घेऊ नका. ठरलेल्या रकमेचा, म्हणजे ‘अॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कागदावर लिहिलेली रक्कम पूर्ण मिळते. त्यात रोज ऑफिसला न्यायची नाही आणि बंद गॅरेज हवं, अशा अटी असतात, म्हणूनच तो स्वस्त पडतो. आमच्या मिशिगनमध्ये २६ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते. तिच्यावर गाडी एरवी फक्त मेळाव्याला-मिरवणुकीला नेता येते, पण ऑगस्टचा पूर्ण महिना कुठेही हिंडा. त्याच महिन्यात तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर मोठा क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांचा फेरफटका, असतो, १९९५पासून. ओहायोचे नियम तुमच्या तिथल्या वाहन नोंदणी ऑफिसातून नीट विचारून घ्या.

ऑइल मात्र डोळे झाकून भरू नका. या इंजिनाच्या कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) झिंक लागतं आणि आताच्या ऑइलमध्ये ते कमी असतं. जुन्या गाड्यांसाठीचं वेगळं ऑइल मिळतं. हिवाळ्यात टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घालायचा आणि बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवायचा.

आणखी एक, तुमची दोन मुलं. कॉर्व्हेटला सीट दोनच. माझी मुलगी लहान होती तेव्हा रविवारी आमची पाळी ठरलेली असायची, एकदा ती माझ्याबरोबर, एकदा तिची आई. चौघांना एकत्र जायचं असेल तर १९६५-६६ची फोर्डची मस्टँग कूपे बघा. १७ एप्रिल १९६४ला ती बाजारात आली आणि दोन वर्षांत दहा लाखांवर विकली गेली, म्हणून साधी कूपे अजून तुमच्या बजेटमध्ये बसते. बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. विंडशील्डखालच्या जाळीत ओता आणि आत पाय ठेवतात तिथे हात लावा. ओलं लागलं तर आतला पत्रा कुजलेला आहे, पुढच्या गाडीकडे वळा.

त्या ७१कडे मन ओढ घेतच असेल, तर निदान जाऊन बघा, पण लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये लावायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला. हो म्हणाला तर मागच्या चाकांच्या पुढची चासी दोन्ही बाजूंनी ठोकून ऐका, आणि पुढे पाय ठेवतात तिथलं बाजूचं प्लास्टिकचं कव्हर दोन-तीन स्क्रू काढून सोडवा. आत टॉर्च मारली की पिंजऱ्याचा खालचा कोपरा दिसतो. तिथले फोटो काढून इथेच खाली टाका, मी बघून सांगतो. अण्णा आता साताऱ्यात असतात, त्यांनाही व्हॉट्सअॅपवर दाखवेन.