रंगवलेले कापड, मणी आणि गोधडीचा टाका

जुन्या साड्यांच्या गोधडीवर स्वतः रंगवलेले चित्र आणि मण्यांचे काम करू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात आली आहेत. त्यांपैकी चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण इतर पत्रांतील पुष्कळशा अडचणींचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : सासूबाईंच्या दोन नऊवारी साड्यांचे थर आणि वर मांजरपाटावर मी रंगवलेले कृष्णाकाठच्या घाटाचे चित्र, अशी ३० इंच रुंद आणि ४० इंच लांब गोधडी भिंतीवर लावण्यासाठी करते आहे. चित्र चांगले उतरले. पण धावदोरा घालताना नदीच्या भागात सुई अडते आणि टाक्याभोवती रंगाला बारीक चिरा पडतात. रंग वाईट निघाला का? मण्यांचे काम अजून व्हायचे आहे. आता काय करावे? (एक वाचिका, सांगली)

ताई, रंग वाईट नाही. त्याचा थर जाड झाला आहे. दुकानात बाटलीतून मिळणारा फॅब्रिक रंग म्हणजे रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा ॲक्रिलिकचा चिकट द्रव. तो धाग्याच्या आत मुरत नाही, धाग्यावर बसतो. पातळ एकच हात दिला तर प्रत्येक धाग्याभोवती रंगाचे पातळ कवच तयार होते आणि धाग्यांमधली बारीक जागा मोकळी राहते. दुसरा आणि तिसरा हात दिला की ती जागा बुजते आणि कापडावर एकसंध साय धरते. साध्या कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरतात आणि ती निघून गेल्यावर पुन्हा जवळ येतात. साय धरलेल्या रंगाला मात्र सुईने भोक पडते आणि ते भोक कायमचे राहते. मी स्वतः सहा-सहा इंचांच्या तुकड्यांवर एक, दोन आणि तीन हात देऊन टाके घालून पाहिले आहेत. तिसऱ्या तुकड्यातून सुई जाताना दर टाक्याला ‘टच्’ असा आवाज येतो. तो आवाज आला की रंग फाटतो आहे असे समजावे. आपल्या नदीत पाण्याची खोली दाखवण्यासाठी निळ्यावर निळा चढवला गेला असणार.

घातलेले टाके उसवू नका, कारण दोरा गेला तरी भोके राहतील आणि ती अधिक उठून दिसतील. नदीच्या भागात यापुढे दाट धावदोरा घालू नका. दीड-दीड इंचांच्या अंतराने लाटेच्या वळणाची एकेक ओळ पुरे आहे. शक्य तेथे टाका दोन रंगांच्या सीमेवरून न्यावा, कारण तेथे थर बहुधा पातळ असतो. सुई बारीक आणि नवी घ्यावी, आणि अंगुस्तान जरूर वापरावे. जोर लावून ढकललेली सुई वाकडी जाते आणि चीर वाढवते. ज्या ठिकाणी चिरा पडल्याच आहेत, तेथेच पुढे मणी बसवावेत. पाण्यावरची तिरीप दाखवायला मणी हवेच आहेत. त्यांची जागा ठरवताना या चिरांचा विचार करावा, म्हणजे मणी चीर झाकेलही आणि त्याच भोकातून गेलेला दोरा थर धरूनही ठेवील.

पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी सुरुवातीपासून पाळाव्यात. मांजरपाटाला खळ असते. ती गरम पाण्यात साबणाच्या पुडीने धुऊन पूर्ण काढावी. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर मुरला तर खळ गेली असे समजावे. रंग पातळ करताना नुसते पाणी फार वाढवू नये, कारण त्यामुळे रंग धरून ठेवणारा द्रव विरळ होतो आणि रंग धुताना सुटतो. थोडे पाणी आणि उरलेले मीडियम, म्हणजे रंगाची पूड नसलेला तोच चिकट द्रव, असे मिश्रण ठेवावे. आकाश आणि पाणी यांसाठी कापड ओलसर करूनच रंग सोडावा. ओलाव्यातून तो आपोआप पसरतो आणि छटांसाठी थर चढवावे लागत नाहीत. चित्र हवे त्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठे रंगवावे, कारण टाक्यांनी कापड आत ओढले जाते. रंग पूर्ण वाळल्यानंतर, साधारण एका दिवसाने, उलट बाजूने वाफ न वापरता इस्त्री फिरवून तो पक्का करावा. किती वेळ फिरवावी ते बाटलीवर दिलेले असते आणि तेच पाळावे.

कापडाचा मऊपणा अजिबात जाऊ द्यायचा नसेल, तर रिॲक्टिव्ह प्रकारचे रंग वापरावेत. ते सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) साहाय्याने सुती धाग्याशी जोडले जातात आणि सुईला त्यांचा काहीच अडथळा होत नाही. ते पाण्यासारखे पसरतात, म्हणून रेषा काढायची असेल तर समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट घालून ते घट्ट करावे लागतात. काम वाढते, पण दाट टाक्यांची हौस असणाऱ्यांनी ते जरूर शिकावे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. घाटाच्या पायऱ्या रंगवण्याऐवजी सासूबाईंच्या साडीच्या गडद पट्ट्यांनीच का करू नयेत? वर्षानुवर्षे धुतलेल्या नऊवारीचा फिकटलेला रंग कुंचल्याने साधत नाही, आणि तशा कापडातून सुई लोण्यातून जावी तशी जाते. रंगवण्याचे काम पाणी, आकाश आणि सावली यांच्यापुरते ठेवले तर दाट टाक्यांना साडी आणि मोकळ्या टाक्यांना चित्र अशी वाटणी होते.

कामाचा क्रमही सांगतो. रंग पक्का झाल्यावर थर एकमेकांवर पसरून आधी लांब लांब कच्चे टाके घालावेत, मग धावदोरा, मग मणी आणि सर्वांत शेवटी गोट. आपल्याकडे पांघरायची गोधडी बहुधा कडेपासून आत फिरत फिरत शिवली जाते आणि त्यामुळे येणाऱ्या चुण्या तिला शोभतातही. चित्र असलेल्या गोधडीत मात्र टाके मध्यापासून बाहेर न्यावेत, नाहीतर सगळी चुणी चित्राच्या मध्यावर येऊन साचते. मण्यांनंतर इस्त्री नाही, हे लक्षात ठेवावे. गोटासाठी कडेला पाऊण इंच जागा मण्यांशिवाय सोडावी, म्हणजे मशिनच्या दट्ट्याखाली काच फुटणार नाही.

प्रश्न : गोधडीवर लाल मण्यांची बोगनवेल काढली. गोधडी हलकेच धुतली तर मण्यांचा रंग पांढऱ्या कापडावर उतरला, आणि एक दोरा तुटून वीसेक मणी घरंगळले. मणी पक्के कसे बसवावेत? (एक वाचिका, नाशिक)

मण्यांचा रंग काचेतच असतो असे आपण धरून चालतो, पण पुष्कळ स्वस्त मण्यांना तो वरून दिलेला असतो. म्हणून प्रत्येक पुडीतले दहा मणी आधी तपासावेत. काही साबणाच्या पाण्यात रात्रभर पांढऱ्या चिंधीवर ठेवावेत, काही नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात बुडवावेत आणि काही पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवून पुडीतल्या मण्यांशी ताडून पाहावेत. आत चांदीचा मुलामा असलेले मणी दमट हवेत काळवंडतात, त्यामुळे कोकण-मुंबईच्या वाचकांनी ते टाळलेले बरे. आपल्या गोधडीवरचे लाल मणी काढून घ्यावेत आणि डाग गार पाण्यानेच धुवावा. गरम पाणी किंवा इस्त्री लागली तर डाग बसेल. तरीही खूण राहिली तर तेथे पातळ रंगाने एक पान रंगवावे. बोगनवेलीत एक पान जास्त झाले म्हणून काही बिघडत नाही.

दोरा तुटला तो बहुधा सुती असणार. काचेच्या मण्याच्या भोकाची कड धारदार असते आणि हवेने गोधडी हलली तरी ती दोऱ्याला करवतीसारखी घासते. पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोरा घेऊन तो मेणावरून एकदा ओढून घ्यावा. कटदाण्याच्या, म्हणजे नळीसारख्या लांबट मण्याच्या, कडा सर्वांत तीक्ष्ण असतात, म्हणून कटदाण्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी ओवावा, म्हणजे दोरा कडेवर वळत नाही. बारीक मण्यांचे नंबर उलटे चालतात: ८ नंबरचा मणी सुमारे ३ मिलिमीटरचा, ११ नंबरचा सुमारे २ मिलिमीटरचा आणि १५ नंबरचा त्याहून लहान. फुलांच्या रेषेसाठी ११ नंबर आणि तो ओवायला १० किंवा १२ नंबरची लांब सुई सोयीची पडते.

टाका असा घालावा. सुई खालून वर काढून चार मणी ओवावेत, ते रेषेवर लावून सुई खाली न्यावी. मग मागे येऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या मधून वर यावे, शेवटच्या दोन मण्यांतून सुई पुन्हा काढावी आणि पुढचे चार घ्यावेत. पाच-सहा वेळा असे झाले की मागच्या बाजूस एक गाठ मारावी. अशी गाठ असेल तर कधी दोरा तुटलाच तरी थोडेच मणी सुटतात, सगळी वेल उधळत नाही. सुई दर वेळी सर्व थरांतून आरपार गेली पाहिजे. नुसत्या वरच्या कापडाला टाचलेला मणी लोंबतो आणि कापडाला खाली ओढतो. तळापर्यंत गेलेला मणी थर एकत्र धरतो, त्याच्याभोवती बारीक खळगी पडते आणि त्या खळगीत सावली येते. मण्याचे खरे सौंदर्य मला त्या सावलीत दिसते, चमक तर नुसत्या वाटीतल्या मण्यालाही असते.

प्रश्न : माझी रंगवलेली गोधडी पाहून एका प्रदर्शनात मला सांगण्यात आले की, हे धड चित्रही नाही आणि गोधडीही नाही. हे खरे मानावे का? (एक वाचक, पुणे)

मानू नये. अमेरिकेतील चित्रकार फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांनी १९८० साली, कपड्यांची रचना करणाऱ्या आपल्या आईच्या, विली पोझी यांच्या मदतीने पहिली गोधडी केली. त्यांच्या १९८८ च्या ‘टार बीच’मध्ये मधले चित्र कॅनव्हासवर ॲक्रिलिकने रंगवलेले आहे आणि त्याच्या भोवती कापडाच्या तुकड्यांची चौकट आहे, ती कलाकृती आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. रंग, लिहिलेली गोष्ट आणि शिवण एकाच वस्तूत आल्याने तिचे काही उणे झाले नाही. इतके दूरही जायला नको. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया ज्या कवंदी (गोधड्या) शिवतात, त्यांच्या चारी कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची ‘फुलां’ असतात. उबेच्या दृष्टीने त्या फुलांची गरज नाही, तरी त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. घराघरातल्या गोधडीला शोभेची आस कायमच होती.

माझी कसोटी एकच आहे. गोधडीतला टाका काढून टाकला तर चित्राचे काही बिघडते का, हे पाहावे. काहीच बिघडत नसेल, तर कापडावरचे चित्र अस्तराला जोडले आहे, एवढेच म्हणावे लागेल. टाक्यामुळे पाण्याला लाट आली असेल, भिंतीला खडबडीतपणा आला असेल, तर आपण निःशंकपणे तिला गोधडी म्हणावे.

प्रश्न : मण्यांची गोधडी पावसाळ्यात भिंतीवर ठेवावी की काढून ठेवावी? (एक वाचिका, रत्नागिरी)

बाहेरच्या भिंतीवर असेल तर काढावी, कारण ती भिंत ओल धरते आणि कापडाला मागून बुरशी येते. आतल्या भिंतीवर राहू द्यायला हरकत नाही. मात्र मागे चार इंच रुंदीची कापडी बाही शिवून तीत लाकडी पट्टी घालावी आणि भिंत व गोधडी यांत बोटभर अंतर राहील अशी टांगावी. खिळ्यांवर कोपरे अडकवू नयेत, कारण मण्यांचे वजन त्या दोन कोपऱ्यांवर येऊन कापड ताणते. काढून ठेवायची झाल्यास घडी घालू नये. घडीवर रंगाला चीर पडते. जाड पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर धुतलेली मलमल गुंडाळून, मण्यांची बाजू बाहेर ठेवून, मधे मधे जुने धोतर घालत गोधडी सैल गुंडाळावी आणि वरून सुती चादर बांधावी. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की सावलीत पसरून दिवसभर वारा द्यावा आणि त्याच वेळी मागच्या गाठी एकदा बोटाने चाचपून पाहाव्यात.