तीनदा मोजलं, तीन आकडे

प्रश्न : मुलानं पुण्याहून बीपीचं मशीन आणून दिलंय. काल सकाळी लागोपाठ तीनदा मोजलं, तर वरचा आकडा १५८, १४६, १४१ आला. दवाखान्यात १६२ निघाला होता. मशीन बिघडलंय का? कुठला आकडा धरायचा?
– एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : गुरुजी, मशीन बहुधा ठीक आहे. रक्तदाब मिनिटामिनिटाला हलतो, आणि पहिलं माप सहसा चढंच येतं. तुम्ही बसला होता कसे, ते मला आधी कळायला हवं. आमचे सासरे शहापूरच्या घरी कॉटवर पाय लोंबत सोडून, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधायचे. मशीन हवा भरतंय आणि ह्यांचा सासूबाईंशी दुधाच्या हिशेबावरून वाद चाललेला. मग ‘१६८ झालं, गोळी बदल’ म्हणून डॉक्टर सुनेला दम! एकदा त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला, दंड उघडा. टेबल बुटकं होतं, म्हणून हाताखाली उशी दिली. पट्टा छातीच्या पातळीला आला. पाच मिनिटं मुकाट. १४४.

हात खाली लोंबला की आकडा सहज दहानं फुगतो. दंडाला पट्टा लहान पडला तरी फुगतो. टेपनं दंडाचा घेर मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. निपाणीकरांना तंबाखूबद्दल मी काय सांगणार म्हणा, पण मिश्रीही त्यातच आली.

आता आकडा. सात दिवस सकाळी गोळी-नाश्त्याआधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. वरचा, खालचा दोन्ही वहीत जसेच्या तसे लिहा (सासरे बरा दिसेल तोच लिहायचे). पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली, तर वही डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात हीच हद्द १४०/९० धरतात, कारण तिथं पुष्कळांचा दाब चढतो. गोळी मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका.

१८०/१२०च्या वर दिसलं तर पाच मिनिटं बसून परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर परत मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि पुढच्या खेपेला मशीन पिशवीत घालून न्या, तिथल्या मापाशी एकदा ताडून घ्या. सेल नवे घालून.