कंपन दिसलं, पण ते चुंबकीय आहे का?

प्रश्न : बिस्मथ फेराइटच्या एकस्फटिकावर ४०० नॅनोमीटरचा पंप (नमुना ढवळणारं लेझर स्पंद) आणि ८०० चा प्रोब (थोड्या विलंबाने येऊन बदल टिपणारं स्पंद) टाकून परावर्तन मोजतो. साधारण ३० पिकोसेकंदांचा आवर्तकाळ असलेलं कंपन मिळतं. हा मॅग्नॉन, म्हणजे चुंबकीय रचनेतली लहर, समजावा का?
– एक विद्यार्थी, पाषाण, पुणे

उत्तर : इतक्यात नको. ही बहुधा ध्वनिलहर आहे.

या पदार्थाचा बँड गॅप, म्हणजे प्रकाश शोषला जायला फोटॉनला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ४०० चा फोटॉन ३.१ चा, म्हणून पंप पृष्ठभागालगतच शोषला जातो. तो थर झटकन ताणला जातो आणि ताणाची लाट आत धावते. ८०० ला स्फटिक पारदर्शक असल्याने लाटेवरून आणि पृष्ठभागावरून परतलेल्या प्रोबचं व्यतिकरण होतं. आवर्तकाळ काढायला तरंगलांबीला अपवर्तनांक आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा. अपवर्तनांक २.७५ आणि वेग सेकंदाला ४.८ किलोमीटर धरला, तर ३० पिकोसेकंदच येतात.

पडताळा सोपा आहे. प्रोब ७२० नॅनोमीटरवर आणा. आवर्तकाळ २७ च्या आसपास उतरला तर तो ध्वनीच. मॅग्नॉनची वारंवारता प्रोबचा रंग बदलून हलत नाही.

चुंबकत्व हवं असेल तर नुसतं परावर्तन पाहू नका, ध्रुवीकरणाचं वळण मोजा : हाफ-वेव्ह प्लेट, वोलास्टन प्रिझम, बॅलन्स्ड डिटेक्टर, पंपावर चॉपर (किरण लयीत अडवणारी चकती) आणि त्याच लयीचा संकेत वेचणारा लॉक-इन. पंप मात्र ८०० चा, वर्तुळाकार ध्रुवित ठेवा. डावा-उजवा बदलल्यावर कंपनाची कला (फेज) १८० अंशांनी उलटली, तर चुंबकीय उगमाचा भक्कम पुरावा मिळतो. डिस्प्रोशियम ऑर्थोफेराइटमध्ये २००५ साली हेच दाखवलं गेलं. इथे एक फसगत होते : बिस्मथ फेराइट द्विअपवर्तनी आहे, म्हणजे त्याचा अपवर्तनांक ध्रुवीकरणाच्या दिशेप्रमाणे बदलतो, त्यामुळे वर्तुळाकार प्रकाश आत शिरताच लंबवर्तुळाकार होतो. स्फटिकाच्या १११ अक्षावरून जाताना हे होत नाही, म्हणून त्या अक्षाला लंब कापलेला तुकडा घ्या आणि किरण त्या अक्षावरूनच पाठवा.

तापमानाची चाचणीही करा, पण त्यासाठी क्रायोस्टॅट नव्हे, भट्टी लागेल. नील तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकीय रचना मोडते ते, ६४३ केल्विन, म्हणजे ३७० अंश सेल्सिअस आहे.

आता मोजमापाचं. डिले स्टेज, म्हणजे पंप आणि प्रोबमधला विलंब बदलणारा सरकता आरसा, १५ मायक्रॉन सरकली की विलंब १०० फेमटोसेकंदांनी वाढतो, कारण प्रकाश जाऊन परत येतो. ८० मेगाहर्ट्झच्या लेझरमध्ये दोन स्पंदांत अवघे १२.५ नॅनोसेकंद असतात. तेवढ्यात उष्णता पूर्ण निघून जात नाही आणि नमुना कायम तापलेला राहतो. पंपाची शक्ती निम्मी करून पाहा. कंपनाचा आवर्तकाळ सरकला, तर आधी पल्स पिकर लावून स्पंद कमी करा आणि मगच तापमानाचा आलेख काढा.