कानाच्या नसेवरची गाठ काढल्यावर कानात येणारा आवाज थांबतो का?

थांबेलच असं नाही, आणि हे ऑपरेशनआधीच माहीत असलेलं बरं. काहींचा आवाज कमी होतो, काहींचा तसाच राहतो, थोड्यांचा वाढतोही.

माझ्या मोठ्या बहिणीला डाव्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज यायचा. फोन ती नकळत उजव्या कानाला लावू लागली होती, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. एमआरआयमध्ये अकूस्टिक न्यूरोमा निघाला. ही गाठ कॅन्सरची नसते. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून हळूहळू वाढते. ऐकण्याची नस अगदी शेजारीच, म्हणून ती दबते.

कानामागून आतल्या कानातून वाट काढून ऑपरेशन केलं, की त्या बाजूचं ऐकणं पूर्ण जातं. तरी ताईची शिट्टी थांबली नाही. नस कापली तरी आवाज राहू शकतो, कारण कानाकडून येणारे संदेश तुटले की मेंदूच तो आवाज तयार करत राहतो. रात्री पंख्याच्या घरघरीत तिला तो कमी जाणवतो, म्हणून थंडीतही पंखा चालू!

तेव्हा फक्त आवाजासाठी ऑपरेशनची घाई करू नका. गाठ लहान असेल तर ठरावीक काळाने एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवतात, किंवा गामा नाइफने, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडून, रेडिएशन देतात. सर्जनना चेहऱ्याच्या नसेबद्दल जरूर विचारा, तीही तिथूनच जाते. आणि आवाज एकाच कानात येत असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, टाळू नका.