वाचकांचे प्रश्न : वंशावळीची पैज

प्रश्न : आम्ही सहा नातेवाईक आपापल्या शाखेचा इतिहास लिहितो. महिनाभरात कोण आपलं लेखन जास्त पक्कं करतो, अशी गमतीची पैज लागली आहे. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नवी नावं शोधू नका. आधी लिहिलेली दहा विधानं घ्या आणि प्रत्येकापुढे पुरावा लिहा: कोणता कागद, कुठे पाहिला, कितवं पान, कोणत्या तारखेला. ‘आजी सांगायची’ हाही पुरावा, पण तसं स्पष्ट नोंदवा. गुण द्यायचे ते पुराव्याला, पिढ्यांच्या संख्येला नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पुष्कळदा प्रवेशाच्या वेळी अंदाजाने घातलेली असते. महापालिकेच्या जन्मनोंदीशी ती ताडून पाहा. जुन्या कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा, मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. म्हणजे माघ शके १८४५ हे १९२३ नव्हे, १९२४. या एका वर्षापायी मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला दिसतो!

दुसरा घोळ नावांचा. दत्तक गेलेल्याचं वडिलांचं नाव बदलतं, सासरी आलेल्या बाईची तर तिन्ही नावं बदलू शकतात. म्हणून माहेरचं नाव वेगळ्या रकान्यात हवंच. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन माणसं एक होऊन बसतात.

मोडी कागद असतील तर आधी स्वच्छ फोटो काढा, मग जाणकाराकडे द्या. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात) जाण्याआधी गाव, तालुका आणि अंदाजे साल हाताशी ठेवा. नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही.