क्वेस्ट लहान चालेल, अर्धवट नको

प्रश्न : मी मिरजेत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नेव्हरविंटर नाइट्स’च्या एका ऑनलाइन सर्व्हरवर दोन वर्षांपासून खेळते. तिथली टीम म्हणते, एखादी क्वेस्ट (खेळाडूला द्यायची छोटी मोहीम) बनवून दे, आम्ही लावतो. मी तीस पानांची कथा लिहून ठेवली आहे, पण टूलसेट (गेममधल्या जागा आणि संवाद बनवायचं साधन) उघडला की हात थांबतो. बाबा विचारतात, वीस वर्षांपूर्वीच्या गेमवर वेळ घालवून नोकरी लागणार का? एक मित्र ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खासगी सर्व्हरसाठी क्वेस्ट बनवतो, त्याच्यासोबत जाऊ का? आणि माझं इंग्रजी बेताचं आहे, ते आड येईल का?

उत्तर : मित्राचा प्रश्न आधी निकालात काढू. नको जाऊस. ते सर्व्हर कंपनीच्या परवानगीशिवाय चालतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये नोस्टॅल्रियस नावाचा भलामोठा खासगी सर्व्हर ‘वॉरक्राफ्ट’च्या मालक कंपनीच्या, ब्लिझार्डच्या, वकिलांचं पत्र आल्यावर बंद झाला. शिवाय मुलाखतीत असं काम दाखवायचं म्हणजे समोरच्या कंपनीला सांगायचं की मी दुसऱ्याच्या मालावर विनापरवाना काम करते. तू खेळतेस त्या गेमचं तसं नाही. बायोवेअरने २००२ मध्ये गेमसोबत ऑरोरा टूलसेट दिला तोच खेळणाऱ्यांनी स्वतःचे मॉड्यूल (गेमवर चालणाऱ्या मोहिमा) बनवावेत म्हणून. २०१८ मध्ये बीमडॉगने सुधारित आवृत्ती काढली तेव्हाही तो सोबत ठेवला. मॉड्यूल विकता येत नाही, वाटता येतो. तुला तेवढं पुरे.

बाबांच्या शंकेत तथ्य आहे, पण अर्धंच. गेम जुना असणं ही इथे सोयच आहे. टूल बदलत नाही, चुका सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि याच इंजिनावर आधारून पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००७ मध्ये पहिला ‘विचर’ उभा केला. म्हणजे इथे शिकलेला विचार शिळा नाही. धोका वेगळा आहे. ‘स्टार ट्रेक ऑनलाइन’ आणि ‘नेव्हरविंटर’ या दोन गेममध्ये फाउंड्री नावाचं क्वेस्ट बनवायचं साधन होतं. ते २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने काढून टाकलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं बनवलेल्या मोहिमा त्यासोबत गेल्या. (हा ‘नेव्हरविंटर’ २०१३ चा, तुझ्या गेमपेक्षा वेगळा. नावावरून घोळ होतो.) तुझ्या बाबतीत फाइल तुझ्याच संगणकावर असते, तरी आजपासून सवय लाव : काम झालं की मॉड्यूलची तारखेसह प्रत आणि पडद्याचं रेकॉर्डिंग.

आता त्या तीस पानांबद्दल. ती बाजूला ठेव, फाडू नकोस. हात थांबतो कारण तू कथा घेऊन टूलसेटमध्ये जातेस आणि टूलसेटला कथा कळत नाही. त्याला कळतात अवस्था. एक साधी क्वेस्ट घे. गिरणीवाल्याची चावी तळघरात राहिली आहे, तिथे मोठ्या उंदरांनी ठाण मांडलंय. चावी आणून दे, किंवा स्वतःच ठेवून त्याची पेटी उघड. हे एका कागदावर तक्त्यात मांड : ० म्हणजे काहीच माहीत नाही, १० काम घेतलं, २० उंदरांचा म्होरक्या मेला, ३० चावी हातात, ४० परत दिली, ५० पेटी फोडली. प्रत्येक आकड्यापुढे चार रकाने. गिरणीवाला काय बोलेल, जर्नलमध्ये म्हणजे खेळाडूच्या नोंदवहीत काय दिसेल, पुढच्या आकड्यावर कशाने जायचं, आणि खेळणाऱ्याने उलटंच केलं तर काय. आकडे दहाच्या अंतराने ठेव, मधे एक अवस्था राहून गेली असं हमखास लक्षात येतं. शिवाय वेगळं काही सांगितलं नाही तर हा गेम जर्नलमधल्या मोठ्या आकड्यावर लहान आकड्याची नोंद चढू देत नाही. क्रम चुकला तर नोंद गप्प राहते, एररही येत नाही.

चौथा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. काम न घेताच कोणी तळघरात उतरून म्होरक्याला मारलं तर? तुझी स्क्रिप्ट (गेममधली छोटी आज्ञावली) फक्त १० असेल तरच २० करत असेल, तर त्या खेळाडूची क्वेस्ट कायमची अडकली. ० वरूनही वाट हवी, आणि गिरणीवाल्याकडे एक वाक्य हवं : “उंदरांचा आवाज बंद झालाय. तुम्हीच का ते?”

जागा लहान ठेव. एक टाइल म्हणजे दहा मीटर. गावाचा तुकडा ८ बाय ८, गिरणी आणि तळघर ४ बाय ४. नवखे ३२ बाय ३२ चा नकाशा घेतात आणि खेळणारा रिकाम्या गवतात चालत राहतो.

नावं ठेवताना शिस्त लाव. वस्तूचा टॅग वेगळा, फाइलचं नाव म्हणजे रेसरेफ वेगळं. रेसरेफ १६ अक्षरांत बसवावं लागतं. प्रत्येक नावाला आपली तीन अक्षरं पुढे जोड, कारण तुझी एक्सपोर्ट केलेली ईआरएफ फाइल टीम त्यांच्या मॉड्यूलमध्ये घेईल तेव्हा सारख्या नावाची जुनी फाइल पुसली जाऊ शकते. दुसऱ्याचा दुकानदार तुझ्या गिरणीवाल्याने खाल्ला, तर पुढची क्वेस्ट कोणी मागणार नाही!

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. अवस्थेचा आकडा वाचणाऱ्या गेट-लोकल-इंट या फंक्शनला नाव एका अक्षराने चुकीचं दिलंस तर तो तक्रार करत नाही, शून्य देतो. आणि तुझ्या तक्त्यात शून्याचा अर्थ ‘काहीच माहीत नाही’. परिणाम असा की चावी हातात घेऊन खेळाडू येतो आणि गिरणीवाला त्याला अनोळखी पाहुण्यासारखा नमस्कार करतो. कम्पायलरला (स्क्रिप्ट तपासून गेमला समजेल अशी करणाऱ्या प्रोग्रामला) हे दिसत नाही, कारण अवतरणचिन्हांतलं नाव त्याच्या दृष्टीने नुसता मजकूर. लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही इथे वेगळी धरली जातात. उपाय : क्वेस्टची सगळी नावं एका इन्क्लूड फाइलमध्ये (जी बाकी स्क्रिप्ट आत ओढून घेतात) कॉन्स्टंट म्हणून, म्हणजे न बदलणाऱ्या किमती म्हणून, लिही आणि बाकी स्क्रिप्टमध्ये तेच कॉन्स्टंट वापर. त्यात चूक झाली तर कम्पायलर लगेच अडवतो. मात्र इन्क्लूड फाइल बदललीस की नुसतं सेव्ह करून भागत नाही. ती वापरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनाच मजकूर शिजलेला असतो, म्हणून बिल्ड मॉड्यूल चालवून सगळ्या पुन्हा कम्पाइल कर.

संवाद लिहिताना क्रम लक्षात ठेव. गिरणीवाल्याशी बोलायला गेलं की गेम सुरुवातीच्या ओळी वरून खाली तपासतो आणि अट जुळणारी पहिली ओळ घेतो. अट नसलेलं “या, बसा” सर्वांत वर ठेवलंस तर खालचं काहीच कधी दिसणार नाही. ४० आणि ५० वर, मग ३०, २०, १०, आणि बिनअटीचं सगळ्यात शेवटी. दुसरं, बक्षीस आणि अवस्था बदलणारी स्क्रिप्ट त्या विशिष्ट ओळीच्या ॲक्शन्स टेकन या टॅबमध्ये घाल, संवाद संपल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नको. खेळणारा मधेच एस्केप दाबतो, तेव्हा संवाद नीट संपलेला नसतो. आणि बक्षीस देण्याच्या आधी तीन गोष्टी, याच क्रमाने : चावी खरंच जवळ आहे का पाहा, ती काढून घे, अवस्था ४० कर. मग पैसे. उलटं केलंस तर कोणीतरी दोनदा पैसे काढतो, आणि कसे ते पूर्ण सर्व्हरला संध्याकाळपर्यंत कळतं.

ऑनलाइन म्हटलं की पार्टी, म्हणजे एकत्र खेळणारा गट, आली. एकटीने तपासलेली क्वेस्ट इथेच मोडते. जर्नलची नोंद टाकणारं फंक्शन, काही सांगितलं नाही तर, पार्टीतल्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये नोंद टाकतं. अवस्थेचा आकडा लिहिणारा तुझा सेट-लोकल-इंट मात्र बोलणाऱ्या एकाच्याच अंगावर लिहितो. म्हणजे चौघांना जर्नलमध्ये ‘चावी मिळाली’ दिसतं, गिरणीवाला फक्त एकाला ओळखतो. तू खेळाडू म्हणून हे कधीतरी पाहिलं असशील. एकतर नोंद फक्त त्या एकालाच दे, नाहीतर पार्टीतल्या प्रत्येकावर फिरून, तो त्याच एरियात आहे ना हे पाहून, आकडा आणि नोंद दोन्ही दे. चावीही प्रत्येकाला वेगळी बनवून द्यावी लागेल, प्रेतातून एकच पडली तर उरलेले तिघे गिरणीपुढे भांडतात.

म्होरक्याच्या मृत्यूच्या स्क्रिप्टमध्ये ‘शेवटी कोणी मारलं’ हे विचारतेस, उत्तर येतं जादूगाराने बोलावलेला लांडगा. लांडगा खेळाडू नसतो, स्क्रिप्ट तिथेच थांबते. म्हणून मारणाऱ्याचा मालक, त्याचाही मालक, असं वर जात खेळाडूपर्यंत पोहोच. सहा सेकंदाला एकदा चालणाऱ्या हार्टबीटमध्ये मात्र काही घालू नकोस. ‘खेळाडू आला का’ हे तपासायला ट्रिगरचा (जमिनीवर आखलेल्या भागाचा) ऑन-एंटर आहे, तो कोणी आत पाऊल टाकलं की चालतो. हार्टबीटमधल्या अशा शंभर स्क्रिप्ट जमल्या की सर्व्हर धापा टाकतो, आणि टीमचे लोक तुझी फाइल उघडून आधी हेच बघतात.

एक गोष्ट टीमला आधीच विचार : अवस्था कुठे साठवता? सर्व्हर ठरावीक वेळाने रीस्टार्ट होतो, तेव्हा खेळाडूच्या अंगावरचे व्हेरिएबल (साठवलेले आकडे) आणि जर्नल जागेवर असतील असं धरून चालू नकोस. कोणी गेमचा स्वतःचा कॅम्पेन डेटाबेस वापरतात, कोणी एनडब्ल्यूएनएक्स हे जोड-साधन लावून बाहेरचा डेटाबेस, सुधारित आवृत्तीत एसक्यूलाइट हा डेटाबेस आतच आहे. तू त्यांचीच साठवायची फंक्शनं वापर आणि खेळाडू आत येताच जर्नल पुन्हा भरलं जातंय ना, पाहून घे.

वेळेचा हिशेब आठवड्याला सहा तास धरला तर असा : तक्त्याला एक आठवडा, नकाशा आणि माणसं एक, संवाद दोन, स्क्रिप्ट दोन, आणि चाचणीला पूर्ण दोन. चाचणीत कोणालाही ‘कशी वाटली’ विचारू नकोस. पाच जणांना कामं वाटून दे. एकाने काम न घेता म्होरक्याला मारायचं, एकाने चावी विकायची किंवा मित्राला द्यायची, एकाने संवादाच्या मधे लॉग-आउट व्हायचं, एकाने गिरणीवाल्यावरच तलवार उगारायची, एकाने चावी घेऊन मरायचं. मग सर्व्हर रीस्टार्ट, आणि पुन्हा तेच. काय मोडलं, का मोडलं, कसं दुरुस्त केलं हे तीन रकान्यांत लिहीत जा. ही वही तुझ्या तीस पानांपेक्षा मोलाची आहे, ते पुढे सांगते.

इंग्रजीचं म्हणशील तर गेमच तुझ्या बाजूने आहे. संवादाची चौकट लहान असते, एका वेळी दोन-तीन वाक्यं, खेळाडूला दोन ते चार पर्याय. छोटी वाक्यं लिही, सर्व्हरवरच्या दोघांकडून तपासून घे. जर्नलची नोंद अशी लिही की तीन आठवड्यांनी परतलेल्यालाही कळेल : कोणी सांगितलं, कुठे जायचं, काय आणायचं. मराठीत लिहायची हौस असेल तर ती इथे भागणार नाही, या गेमच्या मजकुराला देवनागरी झेपत नाही. त्यासाठी ट्वाइन हे फुकट साधन घे. हाच गिरणीवाला ब्राउझरमध्ये अस्सल मिरजेच्या बोलीत बोलू शकतो, आणि शाखा, अटी, व्हेरिएबल हे सगळं तिथेही तेच आहे.

नोकरीचं. फक्त क्वेस्ट लिहायची पदं आपल्याकडे मोजकी आहेत, हे बाबांना आधीच सांगून टाक. पण गेमचं काम पुण्या-मुंबईत आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईतला २०१८ चा. ‘राजी’ हा २०२० चा गेम पुण्याच्या नोडिंग हेड्सचा, सुपरगेमिंगही पुण्याचीच. तुझ्यासारखीने दार ठोठवायचं ते गेम टेस्टर किंवा टेक्निकल डिझायनर म्हणून, आणि तिथे ती तीन रकान्यांची वही कामाला येते. पदवी पूर्ण कर. नंतर डिझाइनकडेच वळायचं ठरलं तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बेंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, आहे, प्रवेश डॅट या प्रवेश परीक्षेतून. २०२५ च्या कायद्याचं बाबांनी काही ऐकलं असेल, तर तो पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. गेम बनवण्यावर नाही.

अर्जासोबत मॉड्यूल पाठवू नकोस. २००२ चा गेम इन्स्टॉल करून तुझी क्वेस्ट खेळायला कोणाला सवड नसते. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव, त्यात चावी परत देण्याची आणि पेटी फोडण्याची अशा दोन्ही वाटा दिसू देत. सोबत एक पान तक्ता, दोन स्क्रिप्ट आणि चुकांच्या वहीतली सर्वांत अवघड तीन उदाहरणं. चित्रं किंवा मॉडेल दुसऱ्याची वापरली असतील तर कोणाची ते लिही, दुसऱ्या गेममधून उपसलेली मुळीच वापरू नकोस.

या आठवड्यात टूलसेट उघडायचा नाही. कागद घे, सहा आकडे आणि चार रकाने आख, आणि चौथा रकाना पूर्ण भरला की टीममधल्या एकाला दाखव. त्याने त्यात न लिहिलेली आणखी एक उलटी चाल सांगितली, तर ती लिही आणि मग तळघर बांधायला घे.